‘अललडुर्र’चे वारस

भारताला सोन्याच्या चिमण्यांचे घर म्हणणारे एक हिंदी गाणे दर पंधरा ऑगस्टला रत्नागिरीपासून गोंदियापर्यंतच्या शाळांत ध्वनिवर्धकावर लागते. ते कोणत्या चित्रपटातले, असा प्रश्न आम्ही साहित्याच्या वर्गात अधूनमधून विचारतो. ‘शहीद’, ‘उपकार’, ‘हकीकत’ अशी उत्तरे येतात. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, चाल हंसराज बहल यांची, आवाज महंमद रफींचा, एवढे सांगितले की माना डोलतात. चित्रपट ‘सिकंदर-ए-आझम’ (१९६५) आणि त्यातला सिकंदर म्हणजे दारासिंग, हे सांगितले की मात्र वर्ग हसतो. पोरस झालेल्या पृथ्वीराज कपूरांचे नाव घेऊनही ते हसू आवरत नाही.

हे हसू आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. हसणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही तो चित्रपट पाहिलेला नसतो, तरीही तो हसण्याच्या लायकीचा आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. न पाहिलेल्या वस्तूविषयी इतकी ठाम अभिरुची येते कुठून? ती शिकवली जाते, आणि शिकवणाऱ्यांत आम्ही मराठीचे अध्यापक अग्रभागी आहोत, असे आमचे मत आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’ने (१९६२) दारासिंगला नायक केले. (या चित्रपटाचा हॉलिवूडच्या महावानराशी संबंध नाही, मुंबईच्या प्रेक्षकाला हे नाव रिंगणात दारासिंगशी झुंजणाऱ्या अगडबंब युरोपीय मल्लाचे म्हणून अधिक परिचयाचे होते.) मग ‘फौलाद’ (१९६३), ‘सॅमसन’, ‘हर्क्युलस’, ‘आँधी और तूफान’ (तिन्ही १९६४), ‘टारझन कम्स टू दिल्ली’ (१९६५) अशी रांगच लागली. खर्च बेताचा, चित्रीकरण झटपट, नामांकित नायिका नकार देत म्हणून कोवळ्या मुमताजला पुन्हापुन्हा घेतलेले. बायबल, ग्रीक पुराण, बगदाद आणि राजपुताना यांची सरमिसळ करून शिवलेले पोशाख. खांब ढासळतात ते लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे आहेत हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळते.

या चित्रपटांचे भाऊबंद त्याच सुमारास इटलीत जन्मत होते. १९५८ साली पिएत्रो फ्रांचिस्की या दिग्दर्शकाने स्टीव्ह रीव्हज या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूला घेऊन ‘हर्क्युलस’ काढला. जोसेफ लेव्हिन नावाच्या धूर्त वितरकाने त्याचे अमेरिकेतील हक्क सुमारे सव्वा लाख डॉलरना घेतले, जाहिरातीवर त्याच्या आठपट पैसा ओतला आणि १९५९ मध्ये एकाच वेळी शेकडो चित्रगृहांत तो लावून अमाप धन मिळवले. मग पुढची सहासात वर्षे रोमच्या स्टुडिओंतून असे शंभरावर चित्रपट बाहेर पडले. हर्क्युलस, मॅचिस्ते, सॅमसन, गोलायथ हे वीर एकमेकांचे कपडे घालून एकमेकांच्या कथांत शिरले. अमेरिकन नावांना भाव आला, तेव्हा आद्रियानो बेल्लिनी नावाचा व्हेनिसचा तरुण कर्क मॉरिस झाला आणि सर्जिओ चानी हा रोमचा तरुण अ‍ॅलन स्टील. फ्रेंच समीक्षकांनी या प्रकाराला ‘पेप्लम’ म्हटले. पेप्लम म्हणजे प्राचीन ग्रीक अंगवस्त्र, आणि नावातच थट्टा होती. पण याच चाकोरीत मारिओ बाव्हाने प्रकाशयोजनेचे धडे गिरवले आणि सर्जिओ लिओनेने ‘कलॉसस ऑफ ऱ्होड्स’ (१९६१) काढून दिग्दर्शक म्हणून पहिले नाव लावले. पुढे लिओनेच्याच १९६४ च्या वेस्टर्नपटाने या वीरांचा धंदा बसवला, हा नियतीचा विनोद.

हिंदीतल्या ‘सॅमसन’ आणि ‘हर्क्युलस’ या नावांवर या लाटेची छाया आहे हे उघड आहे. पण सगळे इटलीहून आले असे मानणे म्हणजे आपल्याच घराची वंशावळ न वाचणे होय. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला मास्टर विठ्ठल १९२०-३० च्या दशकात मुंबईच्या मूकपटांचा तलवारबहाद्दर होता. ‘आलम आरा’चा (१९३१) नायकही तोच. त्याचे हिंदी कच्चे म्हणून त्या पहिल्या बोलपटात त्याला बराच वेळ बेशुद्ध ठेवावे लागले, असे सांगतात. त्याच काळात राजा सँडो हा तमिळ नट मुंबईच्या पडद्यावर होता. नावातला ‘सँडो’ १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेलेल्या युजेन सँडो या बलदंड पुरुषाकडून घेतलेला. १९३५ साली वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त नादियाने चाबूक उचलला. हा स्टुडिओ होता परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात. १९४२ मध्ये त्याच जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात राजकमलवर प्रकरणे आहेत. त्या आवारातल्या आधीच्या रहिवाशांना ओळी मिळतात.

आणि भगवान. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, कुस्तीचा शौकीन. ‘अलबेला’ (१९५१) सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीची दहाएक वर्षे त्याने जे अल्पखर्ची स्टंटपट काढले ते ठाऊक नाहीत. नटांचे कपडे आणि युनिटचे जेवणखाणही तो स्वतः पाही. त्या स्टंटपटांच्या मूळ प्रती गोदामाच्या आगीत गेल्या असे सांगितले जाते. ललिता पवारांची कथा मात्र उरली. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानची थप्पड जोरात बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा दुखावला. ही कथा आम्ही नेहमी दुर्दैव म्हणून सांगतो. ती एका उद्योगाचीही कथा आहे. तिथे खोट्या मारासाठी वेगळा माणूस नसे, तालमीला सवड नसे, आणि पडद्यावरचे शरीर आपल्या जबाबदारीवर काम करी.

देह हाच या प्रकाराचा खरा आशय आहे, असे आम्हांला वाटते, आणि इथेच इटालियन आणि मुंबईकर चुलतभावांत फरक पडतो. रीव्हज १९४७ चा मिस्टर अमेरिका आणि १९५० चा मिस्टर युनिव्हर्स होता. त्याचे शरीर आरशासमोर घडलेले. प्रत्येक स्नायू स्वतंत्रपणे दिसावा म्हणून कमावलेला. ते शरीर पाहण्यासाठी आहे. ते खांब ढकलते तेव्हाही आधी छायाचित्र होते. दारासिंगचे शरीर आखाड्याचे. त्यात चरबी आहे, मांड्यांत जडपणा आहे, मानेचा पत्ता नाही. शेतकऱ्याच्या घरी दूधतुपावर आणि जोरबैठकांवर जसे शरीर होते तसे. १९५४ साली ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरलेला हा पंजाबी मल्ल मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर झुंजताना हजारोंनी पाहिलेला होता. पडद्यावरचा सिंह भुशाचा होता, राजवाडा कापडाचा होता, संवाद म्हणणारी जीभ अडखळत होती. पण माणसाला डोक्यावर उचलून फेकणारा तो दंड खरा आहे हे प्रेक्षकाला बाहेरून ठाऊक होते. आमच्या नाट्यशास्त्राने ‘विलिंग सस्पेन्शन’वाल्या कोलरिजला उत्तर म्हणून शिकवावे असे हे उदाहरण आहे. इथे अविश्वास बाजूला ठेवावा लागत नाही. खोट्या जगाच्या मधोमध एक खरी वस्तू ठेवलेली असते, आणि डोळे तिच्यावरच खिळतात.

(१९६४ साली सांगलीकडचे मारुती माने ‘हिंद केसरी’ झाले. त्याच साली पंजाबचा मल्ल मुंबईच्या पडद्यावर सॅमसन आणि हर्क्युलस होत होता. तालमींच्या प्रदेशातल्या मराठी चित्रपटाला मल्लाच्या देहाची अशी भूक का लागली नाही, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा.)

आता हे पाहणारा कोण होता? मुंबईच्या कापडगिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील जनगणनेपासून नोंदलेली आहे. (जिल्हा तेव्हा सिंधुदुर्गासह एकच होता, विभाजन १ मे १९८१ चे.) हा चाकरमानी शरीराच्या बळावर जगत होता. लूमवर पाळी करी, खोलीत पथारी टाकी, पैसे गावी धाडी. परळ-लालबागच्या वस्त्यांपासून ते फॉकलंड रोडपर्यंतच्या चित्रगृहांचा हा आधारस्तंभ. फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूरावांचे नाव दिले गेले. नामकरण समितीने नकळत केलेली ही उत्तम समीक्षा म्हणावी लागेल. या माणसाने दारासिंगला पाहिले तेव्हा काय पाहिले? दिवसभर दुसऱ्याच्या मालकीचे असलेले बळ तीन तास स्वतःच्या मालकीचे झालेले पाहिले, असे आम्ही म्हणू. इटलीतही पहिला मॅच्िस्ते, १९१४ च्या ‘कबिरिया’तला, पडद्यावर गुलाम होता, आणि ते काम करणारा बार्तोलोमेओ पगानो जेनोवाच्या बंदरात माल वाहणारा कामगार होता. हा योगायोग असेल, पण या प्रकाराच्या जन्मकुंडलीत तो पहिल्या घरात बसला आहे.

अशा प्रेक्षकाला हे जग परके वाटण्याचे कारणही नव्हते. शिमग्याला गावी गेला की तो नमन-खेळ्यांत संकासुर पाही. दक्षिणेकडचा असेल तर दशावतारात राक्षस लाकडी तलवार परजत मंचावर येताना पाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला तर हे जग पहिल्या वर्षापासून ठाऊक असायला हवे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्या परंपरेतील राक्षसपार्टी राळेचे भपकारे उडवीत, ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकीत प्रेक्षकांवर धावून येई. पुढे १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि ‘अललडुर्र’ हा शब्द मराठीत नाटकाच्या बालपणाचे, किंबहुना अडाणीपणाचे नाव झाला. कादंबरीतही तेच. ‘मुक्तामाले’पासून (१८६१) सुरू झालेली अद्भुतरम्य कथा आम्ही हरिभाऊंच्या आगमनापूर्वीचा काळोख म्हणून शिकवतो. प्रत्येक वेळी गोष्ट अशी सांगितली जाते की अद्भुत संपले आणि वास्तव आले. ते संपले नव्हते. ते थिएटर बदलून परळला गेले होते.

भरताने वीर रसापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. परीक्षेत हे वाक्य आम्ही दरवर्षी तपासतो. उदाहरण म्हणून विद्यार्थी भवभूती देतात, आम्ही गुण देतो. एखाद्याने ‘सॅमसन’ लिहिला तर आम्ही काय करू? आणखी एक विसंगती आहे. रोलाँ बार्थचे ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) आता मराठी विभागांतही वाचले जाते. त्याचा पहिलाच निबंध पॅरिसच्या दुय्यम सभागृहांतील फ्री-स्टाइल कुस्तीवर आहे. कुस्ती ठरवून लढली जाते की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला दुःख, पराभव आणि न्याय यांची मोठी, स्पष्ट चिन्हे पाहायची असतात, असे बार्थचे म्हणणे. ते आम्ही गंभीरपणे टिपून घेतो. दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजी ठरलेल्या असत की खऱ्या, यावर गिरणगावच्या नाक्यांवर याच काळात वाद होत होते. त्या वादांवर मात्र मराठीत निबंध नाही. फ्रेंच कुस्ती ही संस्कृती आणि वरळीची कुस्ती ही करमणूक, असे विभाजन आमच्या अभ्यासक्रमाने करून टाकलेले दिसते.

या समर्थनाला एक जड आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बलदंड पुरुषाचे पूजन कुठे नेते हे इटलीने पाहिले. मॅचिस्तेची छाती आणि मुसोलिनीची उघडी छाती यांतले साम्य इटालियन अभ्यासकांनीच दाखवले आहे. आमच्याकडेही आता बाहूंच्या आणि छातीच्या मापांची भाषा राजकारणात मुरली आहे. स्त्रियांसाठी या पडद्यावर पळवून नेले जाणे आणि सोडवले जाणे याखेरीज फारसे काही नाही. नादिया हा अपवादच. हे सगळे खरे. तरी आम्ही वाचकांचे लक्ष एका तपशिलाकडे वेधू. १९५८ नंतरच्या इटालियन पटांत कथा बहुधा एकच असते. जुलमी राजा किंवा कपटी राणी, पिचलेली प्रजा, आणि वाटेने जाणारा बलवान. तो दरवाजा उखडतो, साखळ्या तोडतो, आणि सिंहासनावर न बसता पुढच्या गावाला निघून जातो. हुकूमशहा भोगलेल्या देशाने बळाची केलेली ही कल्पना आहे, बळ असावे पण त्याने राज्य करू नये अशी.

हिंदी पोशाखी चित्रपटात असे सहसा होत नाही. इथला बलवान शेवटी हरवलेला राजपुत्र निघतो. दंडावर खूण असते, गळ्यात ताईत असतो, म्हातारी दाई असते. कोळ्याच्या किंवा लोहाराच्या घरी वाढलेल्या मुलात एवढे बळ कुठून आले, याचे उत्तर रक्तात सापडते आणि सर्वांना हायसे वाटते. बळ होते ते क्षत्रियाचेच. आमच्या मते या चित्रपटांवर हसायचेच असेल तर इथे हसावे, किंबहुना इथे हसू थांबावे. पुठ्ठ्याचा खांब हा त्यांचा दोष नव्हे. ज्याच्या तिकिटावर ते चालले त्या प्रेक्षकाचे बळ त्याच्या नावावर लिहायला ते कचरले, हा त्यांचा दोष.

हे दिसले की अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’कडे (१९५९) वेगळ्या नजरेने पाहता येते. अण्णा भाऊंवरचा ठरलेला आरोप म्हणजे त्यांचे नायक अवास्तव बलवान, प्रसंग भडक, योगायोग फार. थोडक्यात स्टंटपटाची कादंबरी. गिरणीत राबलेल्या, कामगारवस्तीत वाढलेल्या या लेखकावर पडद्याचा संस्कार असणे स्वाभाविकच. त्याने बचाव करण्याची गरज नाही. फकिरात पोशाखी चित्रपटाचा सगळा साज आहे. घोडा, तलवार, बापाचा सूड, दुष्काळात लुटलेला खजिना. एकच गोष्ट नाही. फकिरा कोणाचा हरवलेला राजपुत्र निघत नाही. तो राणोजी मांगाचा मुलगा आहे आणि शेवटच्या पानापर्यंत तोच राहतो. त्याच्या बळाला दुसऱ्या कुळाची साक्ष लागत नाही. वास्तववादाची फूटपट्टी लावणाऱ्या समीक्षेला हे धाडस दिसले नाही, कारण त्या प्रकाराचा नियमच तिला ठाऊक नव्हता. नियम माहीत नसेल तर मोडलेला नियम कसा दिसणार? स्टंटपट वाचायला हवेत ते ते थोर आहेत म्हणून नव्हेत. ते न वाचल्यामुळे आम्ही आमची एक महत्त्वाची कादंबरी तिच्या खऱ्या शेजाऱ्यांपासून तोडून वाचत आलो.

काळ मात्र थोडा उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली, म्हणजे दारासिंगच्या ऐन बहरात, स्थापन झाले. तोवर मूकपटांतले बहुतेक वीर नष्ट झाले होते. ‘आलम आरा’ची प्रतही उरलेली नाही. दारासिंगचे बरेच चित्रपट आज संगणकावर पुसट प्रतींत का होईना पाहता येतात, पण पाहणाऱ्यांची नोंद कुठेच नाही. १९६४ साली विशीत असलेला गिरणी कामगार आज ऐंशी पार केलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अनेकजण मुंबई सोडून गावी परतले. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर या तालुक्यांतल्या वाड्यांत ती माणसे आणि त्यांच्या बायका अजून भेटतात. रत्नागिरीच्या महाविद्यालयांतले मराठीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी दरवर्षी लोकगीते गोळा करतात. त्यांनी एक वर्ष हे करावे. वही घेऊन ओसरीवर बसावे आणि विचारावे: पगाराच्या दिवशी कोणत्या थिएटरला जात होता? कोणाबरोबर? तिकीट केवढ्याला होते? बायका येत होत्या का, आणि येत नसतील तर चित्रपटाची गोष्ट खोलीवर त्यांना कोण सांगे? ‘सॅमसन’ पाहून आल्यावर तालमीत कोणी नवे जात असे का? गावी शिमग्याला संकासुर झालेल्या माणसाने दारासिंगची चाल कधी उचलली का? आणि किंग काँगशी झालेली ती कुस्ती, आजोबा, तुमच्या मते खरी होती की ठरलेली?